मशरूमचे भाग कोणते? फोटो काढून ॲपला विचारण्याआधी हे वाचा



मी हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवचा. कयाधू नदीच्या काठचं, संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जाणारं आमचं गाव. पावसाळा अंगात आला की इथं बांधावर, उकिरड्याशेजारी, वारुळाजवळ, गंजीच्या बुडाशी पांढऱ्या छत्र्या उगवतात. कुणी त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतं, कुणी भूछत्र, कुणी अळंबी. पूर्वी पोरं त्या काठीनं उडवायची. आता खिशातून मोबाईल निघतो, उभ्या उभ्या वरून एक फोटो काढला जातो, ॲपमध्ये टाकला जातो आणि लगेच प्रश्न येतो, "हे खायला चालतं का?"

याचं थोडक्यात उत्तर असं की वरून काढलेल्या फोटोवरून ते कळत नाही. ॲप कितीही चांगलं असलं तरी कळत नाही. कारण मशरूमची ओळख सांगणारे बरेचसे भाग टोपीच्या खाली आणि मातीच्या आत असतात. ते फोटोत आलेलेच नसतात. म्हणून आजच्या लेखात आपण मशरूमचे भाग एकेक करून बघणार आहोत आणि सोबतच मोबाईलचा खरा उपयोग कुठं होतो, कुठं होत नाही, हेही बघणार आहोत. चला तर मग.

मशरूम म्हणजे नेमकं काय?

मशरूम ही वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ती उन्हावर स्वतःचं अन्न बनवू शकत नाही. ती बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते, लोणच्यावर येते, त्याच मोठ्या कुळातली. शास्त्रज्ञ बुरशीला वनस्पतींपासून वेगळ्या सृष्टीत ठेवतात, आणि गंमत म्हणजे नात्यानं ती झाडांपेक्षा प्राण्यांना जास्त जवळची आहे. बुरशीच्या पेशींची भिंत कायटिन नावाच्या पदार्थाची असते. खेकड्याचं कवच आणि किड्यांचं टणक अंग याच पदार्थाचं बनलेलं असतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. जमिनीवर दिसणारी छत्री म्हणजे पूर्ण बुरशी नव्हे. ते फक्त तिचं फळ आहे. आंब्याच्या झाडाला कैरी लागावी तशी. खरं 'झाड' जमिनीत लपलेलं असतं. म्हणून छत्री उपटून टाकली तरी पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा उगवते. तुम्ही कैरी तोडलेली असते, झाड जागेवरच असतं.

जमिनीखालचा भाग: कवकजाल

ओलं लाकूड किंवा जुना कुजलेला कडबा उचलून बघा. खाली कापसाच्या धाग्यांसारखं पांढरं जाळं दिसतं. यालाच कवकजाल किंवा मायसेलियम म्हणतात. त्यातला एकेक धागा इतका बारीक असतो की माणसाच्या केसाच्या जाडीत असे दहा-वीस धागे सहज मावतील. हे धागे विकरं सोडतात, समोरचं लाकूड किंवा पाचोळा बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. आपण आधी खातो मग पचवतो, बुरशी आधी पचवते मग खाते.

हे जाळं किती मोठं होऊ शकतं? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जंगलात आर्मिलेरिया जातीच्या एकाच बुरशीचं जाळं सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेलं सापडलं आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या सजीवांमध्ये तिची गणना होते. वर दिसतात त्या मात्र चार बोटांच्या छत्र्या.

मग छत्री एका रात्रीत कशी उगवते? तर ती एका रात्रीत बनत नाही, एका रात्रीत फुगते. जाळ्यावर आधी टाचणीच्या डोक्याएवढी गाठ तयार होते आणि त्या गाठीतच टोपी, देठ सगळं छोट्या आकारात बनून तयार असतं. पाऊस पडला की पेशी पाणी ओढून घेतात आणि घडी घातलेली छत्री उघडते. मशरूममध्ये वजनाच्या साधारण ९० टक्के पाणीच असतं, ते यामुळेच.

वरून खाली: मशरूमचे सहा भाग

१) टोपी

सगळ्यात वरचा, सगळ्यांना दिसणारा भाग. हिचं काम खालच्या भागाला पावसापासून आणि उन्हापासून वाचवायचं. टोपी घुमटासारखी असते, सपाट असते, मध्ये टोक आलेली असते किंवा खोलगट असते. वर खवले असू शकतात, चिकटपणा असू शकतो, कडेला रेघा असू शकतात.

पण टोपीवर फार भरवसा ठेवू नका. एकाच जातीची टोपी सकाळी अंड्यासारखी बंद असते आणि संध्याकाळी ताटलीसारखी उघडते. पाऊस पडला की रंग धुऊन जातो, ऊन लागलं की फिका पडतो. वरचे खवलेही पावसात गळतात. म्हणजे ज्या भागाचा आपण फोटो काढतो, तोच सगळ्यात जास्त बदलणारा भाग आहे.

२) गिल्स

टोपी उलटी करा. खाली वहीच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या दाटीनं लावलेल्या दिसतील. त्या गिल्स. कमी जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून ही रचना असते. मोटारसायकलच्या इंजिनावर पट्ट्या असतात ना, तसाच विचार.

गिल्समध्ये तीन गोष्टी बघायच्या. पहिली, रंग कोणता. दुसरी, त्या देठाला चिकटल्यात की देठापासून सुटल्यात, की देठावरून खाली उतरल्यात. तिसरी, दाट आहेत की विरळ. काही जातींना गिल्स नसतातच. त्याजागी स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात, तर काहींना लोंबणारे काटे असतात.

३) बीजाणू

गिल्सच्या दोन्ही अंगांना बीजाणू तयार होतात. हे बुरशीचं 'बी' समजा, फक्त ते एकाच पेशीचं असतं आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. एक चांगली उघडलेली छत्री काही दिवसांत अब्जावधी बीजाणू सोडू शकते.

सोडण्याची पद्धत भारी आहे. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो थेंब बीजाणूच्या अंगावरच्या ओलाव्यात एकदम मिसळला की झटका बसतो आणि बीजाणू गिलपासून दूर फेकला जातो. हे अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी, बरोबर दोन गिल्सच्या मधल्या फटीत पडण्याइतकं. तिथून तो सरळ खाली येतो आणि वाऱ्याला लागतो. आर्थर बुलर या शास्त्रज्ञानं यावर आयुष्यभर काम केलं, म्हणून या थेंबाला 'बुलरचा थेंब' म्हणतात.

एक बीजाणू दिसत नाही, पण लाखो एकत्र पडले की त्यांचा रंग दिसतो. पांढरा, गुलाबी, चॉकलेटी, काळा, क्वचित हिरवा. हा रंग ओळखीसाठी फार मोलाचा आहे. तो कसा बघायचा ते पुढं सांगतो.

४) देठ

देठाचं काम टोपीला जमिनीपासून वर उचलायचं, म्हणजे खाली पडणारे बीजाणू मातीत न पडता हवेत जातील. देठ मध्यभागी आहे की एका बाजूला, पोकळ आहे की भरीव, तोडल्यावर रंग बदलतो का, हे बघायचं.

५) रिंग

काही मशरूमच्या कोवळ्या टोपीखाली पातळ पडदा ताणलेला असतो. तो गिल्स झाकून ठेवतो. टोपी उघडताना पडदा फाटतो आणि त्याचा राहिलेला तुकडा देठाभोवती कड्यासारखा लटकतो. हीच रिंग. ती नाजूक असते. पावसानं किंवा हात लागून गळून जाते, म्हणून रिंग दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच असं समजायचं नाही.

६) बुडाची पिशवी

हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. काही जाती कोवळ्या असताना पूर्णपणे एका आवरणात असतात, अगदी अंड्यासारख्या. आतली छत्री वाढली की आवरण फाटतं. वरचे तुकडे टोपीवर ठिपक्यांसारखे चिकटून राहतात आणि खालचा भाग देठाच्या बुडाशी पेल्यासारखा किंवा फाटक्या पिशवीसारखा उरतो. इंग्रजीत याला व्होल्वा म्हणतात.

ही पिशवी बहुतेक वेळा मातीत गाडलेली असते. छत्री वरून मोडून घेतली की पिशवी जमिनीतच राहते. आणि जगातल्या सगळ्यात घातक मशरूमपैकी एक, डेथ कॅप म्हणजे अमॅनिटा फॅलॉइडिस, हिच्या बुडाशी अशीच पिशवी असते. म्हणजे धोक्याची सगळ्यात मोठी खूण जमिनीत राहिली आणि फोटोत आली फक्त साधीसुधी टोपी.

मग पिशवी दिसली की विषारी आणि नाही दिसली की चांगली, असा सोपा नियम आहे का? नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या खाण्याच्या पॅडी स्ट्रॉ मशरूमलाही पिशवी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या काही लोकांनी आपल्या देशातली हीच ओळखीची अळंबी समजून डेथ कॅप खाल्ली, असे प्रकार झाले आहेत. पॅडी स्ट्रॉचे बीजाणू गुलाबीसर, डेथ कॅपचे पांढरे. म्हणजे एका खुणेवर नाही, सगळ्या खुणा एकत्र जुळल्या तरच ओळख पटते. आणि उलट बाजूनं, पिशवी नसलेल्या विषारी जातीही भरपूर आहेत.

घरच्या घरी करून बघा

हे सगळं वाचून लक्षात राहणार नाही, म्हणून एक प्रयोग सांगतो. हिंगोली, परभणी, नांदेडसारख्या शहरात बटन मशरूमचं पाकीट मिळतं. ते आणा आणि एक मशरूम वरपासून खालपर्यंत उभं चिरा.

कापलेल्या भागात टोपीचा पांढरा गर दिसेल, मध्ये देठ दिसेल आणि दोघांच्या कोपऱ्यात गिल्सच्या बारीक रेघा दिसतील. मशरूम पूर्ण बंद असेल तर टोपीच्या कडेपासून देठापर्यंत ताणलेला पातळ पडदाही सापडेल. मग दुसरं, थोडं उघडलेलं मशरूम घ्या. पडदा फाटलेला दिसेल आणि देठावर त्याची कडा राहिलेली असेल. रिंग कशी तयार होते ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

गिल्सचा रंगही बघा. कोवळ्यात फिकट गुलाबी, जुन्यात चॉकलेटी. बीजाणू पिकत जातात तसा रंग गडद होतो. हॉटेलच्या मेन्यूत पोर्टोबेलो म्हणून मोठं तपकिरी मशरूम असतं, ते वेगळी जात नसून याच बटन मशरूमचा तपकिरी, पूर्ण उघडलेला प्रकार आहे.

यानंतर धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम मिळालं तर तेही बघा. टोपी शिंपल्यासारखी, देठ एका बाजूला, गिल्स देठावरून खाली उतरलेल्या. रिंग नाही, पिशवी नाही. दोन्ही मशरूमच आहेत, पण रचना किती वेगळी!

वारुळावरच्या अळंबीची गोष्ट

आमच्या भागात वारुळाजवळ उगवणाऱ्या छत्र्यांबद्दल कुतूहल जास्त असतं. वारूळ बांधते ती वाळवी, आणि काही जातींची वाळवी चक्क शेती करते. ती वाळलेला पालापाचोळा खाऊन वारुळाच्या आत पोळ्यासारखी रचना करते. त्यावर टर्मिटोमायसेस नावाची बुरशी वाढते. बुरशी कठीण लाकडी भाग मऊ करते आणि वाळवी तो भाग खाते. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही.

पाऊस झाला की ही बुरशी जमिनीच्या वर छत्री काढते. पण पोळं खोल असतं, त्यामुळे देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांबच लांब जातो. वर वीतभर देठ दिसत असला तरी खाली तेवढाच किंवा त्याहून जास्त असू शकतो. माती फोडून वर येता यावं म्हणून टोपीच्या मधोमध टणक टोक असतं. गोव्यात हिलाच रोयण अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. पावसाळ्यात तिथं ती चढ्या भावानं विकली जाते. याच कुळातली झांबियातली एक जात तर जवळजवळ एक मीटर रुंद टोपी काढते.

इथंही तीच गोष्ट लक्षात घ्या. या अळंबीची खास खूण म्हणजे ते खोल गेलेलं मूळ. वरून फोटो काढला तर ते दिसतच नाही. आणि वारुळाजवळ उगवलेली प्रत्येक छत्री हीच असते असंही नाही.

ॲप फोटोत काय बघतं?

आता तंत्रज्ञानाकडं वळू. मशरूम ओळखणारं ॲप कसं चालतं? त्याला आधी नावं लावलेले लाखो फोटो दाखवलेले असतात. त्यातून ते रंग, आकार, पोत यांचे नमुने शिकतं. तुम्ही फोटो टाकला की शिकलेल्या नमुन्यांपैकी कोणता सगळ्यात जवळचा आहे ते सांगतं. इथं तीन अडचणी येतात.

पहिली, फोटोत जे नाही ते ॲपला दिसत नाही. वास नाही, स्पर्श नाही, बीजाणूंचा रंग नाही, मातीतली पिशवी नाही.

दुसरी, असे फोटो अमेरिका आणि युरोपातून खूप जास्त आलेले असतात. मराठवाड्यातल्या बांधावरच्या जाती त्यात कमीच. पण ॲप "माहीत नाही" म्हणण्याऐवजी बरेचदा माहीत असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचं नाव देऊन टाकतं.

तिसरी, स्क्रीनवर ९० टक्के दिसलं म्हणजे ९० टक्के खात्री असं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की ॲपच्या यादीतल्या इतर नावांपेक्षा हे नाव जास्त जुळतंय.

याची तपासणीही झाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात संशोधकांनी तज्ज्ञांनी आधीच ओळखलेल्या ७८ मशरूमचे फोटो तीन लोकप्रिय ॲपना दाखवले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात चांगल्या ॲपनं ४९ टक्के मशरूम बरोबर ओळखले, बाकी दोघांनी ३५-३५ टक्के. विषारी जातींच्या बाबतीतही एकही ॲप निम्म्यापर्यंत पोचलं नाही. नाणं उडवून छापा-काटा केल्यासारखंच झालं, आणि इथं काटा पडला तर जीव जाऊ शकतो.

एआय चॅटबॉटचंही तसंच आहे. तो आत्मविश्वासानं सुंदर मराठीत उत्तर देईल, पण त्यानंही तोच फोटो पाहिलेला असतो.

चुकलं तर काय होतं?

एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातली विषारी अळंबी खाल्ल्यानं काही दिवसांत १३ जणांचा मृत्यू झाला. मरण पावलेल्यांत बहुतेक चहामळ्यांच्या भागातले लोक होते. त्यांनी नेहमीसारखीच भाजी म्हणून अळंबी शिजवली होती.

डेथ कॅप आणि तिच्या जवळच्या काही जातींमध्ये अमाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते पेशीचं नवीन प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं आणि सगळ्यात आधी यकृत मारलं जातं. हे विष शिजवून, तळून, वाळवून जात नाही. आणखी वाईट म्हणजे खाल्ल्यानंतर साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबून माणसाला बरं वाटायला लागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं.

दुसरं उदाहरण कमी घातक पण जास्त फसवं. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची मोठी, पांढरी, खवल्यांची छत्री उष्ण देशांत, भारतातही, पावसाळ्यात गवतात उगवते. दिसायला ती खाण्याच्या छत्रीसारखीच. खाल्ल्यावर काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब. हिची पक्की खूण म्हणजे बीजाणूंचा मळकट हिरवा रंग. कोवळी असताना गिल्स पांढऱ्याच असतात, म्हणून खालून फोटो काढला तरी फसायला होतं. बीजाणूंचा ठसा घेतला तरच हिरवा रंग समोर येतो.

बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा?

हा प्रयोग सोपा आहे. विकतच्या उघडलेल्या मशरूमवर करा.

देठ टोपीच्या जवळून कापा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्या. टोपी गिल्स खाली करून मधोमध ठेवा, म्हणजे बीजाणू पांढरे असोत की काळे, एका बाजूला दिसणारच. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी टोपी अलगद उचला. गिल्सची हुबेहूब नक्षी कागदावर उमटलेली असेल. इन्स्टाग्रामला टाकण्यासारखा फोटो मिळतो, हा वरचा फायदा.

हे समज डोक्यातून काढा

"चांदीचं नाणं भाजीत टाकलं आणि काळं पडलं नाही तर अळंबी चांगली." खोटं. अमाटॉक्सिनमुळे चांदी काळी पडत नाही.

"किड्यानं, गोगलगायीनं खाल्लीय म्हणजे आपल्यालाही चालेल." खोटं. त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

"विषारी अळंबी लाल-पिवळी भडक असते." खोटं. डेथ कॅप फिकट हिरवट, कधी जवळजवळ पांढरी असते.

"लसूण घालून चांगली उकळली की विष उतरतं." खोटं. वर सांगितलंच आहे.

मग मोबाईलचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. खाण्याचा निर्णय घेण्यासाठी नाही, नोंद करण्यासाठी. एक फोटो न काढता हे सहा काढा:

१. जागेचा फोटो. मातीत उगवलंय, शेणावर, लाकडावर की वारुळाजवळ, आणि शेजारी झाड कोणतं.
२. वरून टोपी. मापासाठी बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा.
३. खालून गिल्स. मशरूम न तोडता फोन जमिनीवर ठेवून सेल्फी कॅमेऱ्यानं काढता येतो.
४. बाजूनं देठ आणि रिंग.
५. बुडासकट पूर्ण मशरूम. ओढून काढू नका, खुरप्यानं भोवतालची माती उकरून अलगद काढा.
६. उभं कापलेलं. एक फोटो लगेच आणि एक पाच मिनिटांनी, रंग बदलतो का ते कळण्यासाठी.

फ्लॅश बंद ठेवा, कारण त्यात रंग खोटे येतात. लोकेशन चालू ठेवा. हात साबणानं धुवा. हे फोटो आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाकले तर जगभरातले जाणकार ते तपासतात. हिंगोली जिल्ह्यातल्या नोंदी अशा ठिकाणी जितक्या वाढतील तितकं ॲपही आपल्या मातीतल्या मशरूमबद्दल शिकत जाईल.

मशरूम शेती करणाऱ्यांसाठी

गावाकडं गव्हाचा आणि सोयाबीनचा भुसा असतो, त्यामुळे बरेच तरुण धिंगरीची शेती करायचं बघतात. त्यांनाही हे भाग ओळखता येणं कामाचं आहे. स्पॉन म्हणून जे बियाणं विकत घेता ते म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं कवकजाल. बेडमध्ये पांढरं जाळं सगळीकडं पसरलं की कवकजाल तयार झालं. मध्येच हिरवे-काळे डाग दिसले तर दुसरी बुरशी शिरली.

देठ लांब-बारीक आणि टोपी बटणाएवढी राहिली तर खोलीत हवा खेळत नाही, कार्बन डायऑक्साइड साचलाय. टोपीची कड आत वळलेली आहे तोवर काढणी करा. ती सपाट होऊन वर वळायला लागली की उशीर झाला. मग बीजाणू पडतात, खालच्या मशरूमवर पांढरी भुकटी दिसते, आणि बंद खोलीत ती श्वासातून गेली तर खोकला, दम्यासारखा त्रास होऊ शकतो. खोलीत शिरताना तोंडाला मास्क लावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सगळीच रानटी मशरूम विषारी असतात का?
नाही. पण कोणती नाही हे ओळखायला त्या भागातल्या जाणकाराकडून, प्रत्यक्ष मशरूम हातात घेऊन, वर्षानुवर्षं शिकावं लागतं.

विषारी मशरूमला नुसता हात लावला तर?
डेथ कॅपसारखी जातही खाल्ल्यानं विष भिनतं, हात लावून नाही. तरी हात धुवायचेच, आणि लहान मुलांना तोंडात घालू द्यायचं नाही.

कुणी खाल्लंच तर काय करायचं?
त्रास होण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, त्रास किती तासांनी सुरू झाला हे लिहून न्या. उरलेलं मशरूम, शिजवलेलं असलं तरी, कागदी पिशवीत सोबत न्या. घरात ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, एकालाच त्रास होत असला तरी. आणि मध्येच बरं वाटलं म्हणून परत फिरू नका.

तर मित्रांनो, टोपी, गिल्स, बीजाणू, देठ, रिंग, पिशवी आणि खाली कवकजाल. एवढे भाग ओळखता आले की बांधावरची छत्री नुसती छत्री राहत नाही. फोटो भरपूर काढा, ठसे घ्या, नोंदी करा. ताटात मात्र विकतचं किंवा स्वतः स्पॉन आणून वाढवलेलं मशरूमच घ्या.